लॉरी बेकर : माणूस, श्रद्धा आणि पोकळ भिंत

पागोळी

कर्जत-अलिबागच्या निम्म्या फार्महाउसच्या जाहिरातींत हल्ली 'बेकर स्टाइल' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात काय असतं? आरसीसीचा सांगाडा, त्यात ब्लॉकची भिंत, ब्लॉकवर गिलावा, आणि गिलाव्यावर चिकटवलेल्या अर्धा इंची विटेच्या चकत्या. विटेला गिलाव्यात झाकू नका म्हणून जन्मभर सांगत आलेल्या माणसाच्या नावावर गिलाव्याला वीट चिकटवायची! म्हणून हा धागा. माणसाबद्दल मी लिहिते, बांधकामाचं जाणकारांनी खाली उलगडावं.

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर. जन्म २ मार्च १९१७, बर्मिंगहॅम. घर मेथडिस्ट, पण ऐन तरुणपणीच ते क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) झाले. १९३७ मध्ये आर्किटेक्चरचं शिक्षण संपलं आणि दोन वर्षांत युद्ध सुरू झालं. क्वेकर शस्त्र हातात घेत नाहीत. बेकर फ्रेंड्स अ‍ॅम्ब्युलन्स युनिट या क्वेकरांच्या मदतपथकातून चीनला गेले, तिथे शस्त्रक्रियेच्या पथकात भूल द्यायला शिकले, कुष्ठरुग्णांमध्ये काम केलं. परतताना बोट मिळेपर्यंत काही महिने मुंबईत थांबावं लागलं, आणि इथेच त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींची नजर गेली ती त्यांच्या पायातल्या, चिंध्यांपासून हाताने शिवलेल्या जोड्यांवर. पुढे बेकर जे एक सूत्र कायम सांगत राहिले तेही गांधीजींचंच : घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे.

१९४५ मध्ये ते कुष्ठरोग मिशनचे आर्किटेक्ट म्हणून भारतात परत आले. मुक्काम फैजाबाद. तिथल्या मल्याळी डॉक्टरांची बहीण एलिझाबेथ जेकब, स्वतः डॉक्टर. दोन्ही घरांतून विरोध झाला, तरी १९४८ मध्ये लग्न झालं. त्यानंतर दोघं पिथौरागडला गेले आणि डोंगरात दवाखाना उभा करून सोळा वर्षं राहिले. एलिझाबेथ डॉक्टर; बेकर भूल देणारे, परिचारक, गवंडी, सुतार, लागेल ते. १९६३ मध्ये केरळात वागमोणला, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिरुवनंतपुरमला. वयाच्या पन्नाशीनंतर ज्या इमारतींनी नाव झालं, त्या सगळ्या तिथल्या. तीन मुलं. नालांचिऱ्याच्या खडकाळ उतारावरचं 'हॅम्लेट' हे राहतं घर वर्षानुवर्षं, गरज पडेल तसं वाढत गेलं. १९९० मध्ये पद्मश्री. १ एप्रिल २००७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्याच घरी निधन. गवंड्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्यांना 'डॅडी' म्हणत.

टिकाव

चांगला धागा. एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण जालावर बऱ्याच ठिकाणी मुंबईच्या भेटीचं साल १९४३ दिलेलं असतं. ते बसत नाही. गांधीजी ९ ऑगस्ट १९४२ ला पकडले गेले आणि ६ मे १९४४ ला आगाखान पॅलेसमधून सुटले. सुटल्यावर काही आठवडे जुहूला होते, सप्टेंबरमध्ये जिनांशी बोलणी मलबार हिलवर झाली. म्हणजे मुंबईतली भेट मे १९४४ नंतरचीच.

कुपारी_वसई

क्वेकर म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. त्यांच्या प्रार्थनेला पाद्री नसतो, वेदी नसते, क्रूस नसतो, ठरलेली उपासनाही नसते. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतता. जगण्याचे आग्रह चार : साधेपणा, सचोटी, शांतता, समता.

वसईतली आपली चर्चेस बघत वाढलेल्याला हे फार कोरडं वाटेल. सोनेरी वेदी, चुन्याचा पांढरा दर्शनी भाग, संतांचे पुतळे हे सगळं आपल्याला पोर्तुगीजांकडून आलं. गंमत अशी की वेदी न मानणाऱ्या या माणसाने वेदी मानणाऱ्यांसाठीच भरपूर बांधलं. श्रीकार्यमला जेझुइटांच्या संस्थेत लोयोला चॅपल, तिरुवल्ल्याला मलंकरा कॅथलिकांचं सेंट जॉन्स कॅथीड्रल. लोयोला चॅपलमध्ये हजारेक माणसं बसावीत आणि खर्च आवाक्यात राहावा अशी मागणी होती. उंच भिंती स्टील-काँक्रीटच्या खांबांशिवाय उभ्या करायच्या म्हणून दोन पातळ भिंती समांतर घेतल्या, त्यांना मध्ये विटांनीच बांधून ठेवलं आणि दोन्हींना विटांमध्ये भोकं सोडून केलेली जाळी ठेवली. बाहेरचं ऊन दोन जाळ्यांतून गाळून आत येतं. रंगीत काचा नाहीत, पण आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

सचोटीचा आग्रह त्यांच्या भिंतीत सरळ दिसतो. वीट विटेसारखी दिसू द्यायची, दगड दगडासारखा. विटेवर सिमेंट फासून त्यावर दगडाच्या रेघा ओढणं हे त्यांच्या लेखी चक्क खोटं बोलणं होतं. पागोळी म्हणतात त्या चकत्या त्यांनी पाहिल्या असत्या तर नक्कीच एखादं व्यंगचित्र काढलं असतं. व्यंगचित्रं छान काढायचे.

मुक्ता_शि

बदलापूरला छोटा प्लॉट आहे, तळ अधिक एक मजला बांधायचा विचार आहे. बेकरांच्या रॅट ट्रॅप भिंतीने (मध्ये पोकळी ठेवून बांधलेली विटांची भिंत) पैसे खरंच वाचतात का? किती? की नुसतीच हौस?

ओळंबा

मुक्ताताई, आकडेमोडच करू या.

वीट २३० × ११० × ७५ मिमी, सांधा १० मिमी धरा. नेहमीची नऊ इंची भिंत : एका चौरस मीटरला एका पदराच्या ४९ विटा, दोन पदर म्हणजे ९८. रॅट ट्रॅपमध्ये वीट आडवी न झोपवता कडेवर उभी करायची. दोन विटा समोरासमोर, मग त्यांना जोडणारी एक आरपार, पुन्हा दोन समोरासमोर. हा तीन विटांचा संच ३२५ मिमी लांब आणि सांध्यासकट १२० मिमी उंच. म्हणजे चौरस मीटरला ७७ विटा. शंभर चौरस फुटांना ९१० ऐवजी ७१५, साधारण दोनशे विटा कमी. शिवाय थराची उंची ८५ ऐवजी १२० मिमी, त्यामुळे थर कमी आणि मसालाही कमी. भिंतीची जाडी तीच नऊ इंच राहते, आत ८० मिमीची पोकळी मिळते, खोली कमी तापते.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात जोत्यावरचा पहिला थर, खिडकीच्या तळाचा, लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखालचा) आणि स्लॅब टेकतो तो थर भरीव घ्यावा लागतो. दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजूही भरीवच. छोट्या घरात उघडी जागा जास्त असते, त्यामुळे २१ टक्क्यांची बचत १५-१६ वर येते. तरी गिलावा आणि रंग वाचला तर तो आकडा यापेक्षा मोठा असतो.

भूकंपाचं विसरू नका. आपला पट्टा तिसऱ्या झोनमध्ये धरून डिझाइन करतात. कोपरे आणि जिथे भिंतीला भिंत मिळते तिथे पोकळीत उभी सळई जोत्यापासून वरपर्यंत न्यायची आणि तेवढीच पोकळी काँक्रीटने भरायची. सळई आधी उभी राहते, विटा तिच्याभोवती येतात. उलट क्रमाने करता येत नाही.

घमेलं

साइटवर काय बिघडतं ते मी लिहितो. ओळंबा यांचे आकडे बरोबर आहेत, पण आकडे गवंड्याला कोण सांगणार?

सगळ्यात आधी वीट. या बांधणीला चारही कडा सरळ आणि मापं सारखी लागतात, कारण वीट उभी राहिल्यावर तिची मोठी बाजू दर्शनी येते. आपल्याकडे भट्टीवरून येणाऱ्या एकाच ट्रकमध्ये लांबीत दहा-बारा मिमीचा फरक निघतो. आरपार वीट जरा लांब असली की बाहेर डोकावते, आखूड असली की आत खड्डा. ट्रक उतरवतानाच दोन ढीग करा. सरळ विटा दर्शनी भिंतींना, वाकड्या जोत्यात आणि भरीव थरात.

मग मसाला. गवंड्याचा हात थापीभर मसाला मधोमध टाकायला बसलेला असतो. इथे मधोमध पोकळी आहे, सगळा आत पडतो. मसाला फक्त दोन्ही बाहेरच्या पट्ट्यांवर लावायचा. पोकळीच्या मापाची लाकडी पट्टी, साधारण तीन इंची, दोरी बांधून आत ठेवायची आणि थर झाला की उचलून पुढे घ्यायची. पडलेला मसाला पट्टीबरोबर वर येतो. पट्टी दिली नाही तर पोकळी तळाशी भरते, आणि नेमकी तिथूनच ओल आत येते.

आणि मनातली अढी. पोकळ भिंत म्हणजे कंत्राटदाराची चोरी, असं गवंड्यालाही वाटतं आणि मालकालाही. मुकादमाची पाठ वळली की बिगारी पोकळीत विटांचे तुकडे टाकतो, चांगलं काम करतोय असं समजून.

वायरिंगचे पाइप बांधतानाच पोकळीत सोडायचे. नंतर इलेक्ट्रिशियन कटर घेऊन आला तर तो ७५ मिमीचा पातळ पदर कापतो, भिंतीची अर्धी ताकद गेली. गीझर, टीव्ही, ओट्यावरची कपाटं कुठे लटकणार ते आधी खडूने ठरवा आणि तेवढ्या जागी पोकळी भरा.

टिकाव

बचतीचं गाणं मुंबईत फार वाजवू नये, एवढंच म्हणेन. शहरात फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा वाटा इतका मोठा की भिंतीतल्या विटा कुठल्या कुठे वाहून जातात. आणि वीस मजल्यांच्या इमारतीत विटेची भिंत घालणं चूकच. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) घनमीटरला ५५० ते ६५० किलो, भाजलेली वीट १६०० ते १९००. ते वजन खांबांवर आणि पायावर येतं. उंच इमारतीत बेकरांची भिंत नको, हे सांगायला बेकरांचा विरोधक असण्याची गरज नाही. बदलापूरच्या दोन मजल्यांना वेगळा न्याय.

चिरेबंदी

पण मग पाच मैलांचं काय? बेकरांनी पिथौरागडला विटा वापरल्या नाहीत. तिथे दगड, लाकूड, पाटीच्या दगडाची छपरं होती, तेच घेतलं. स्थानिक कारागीर काय करतात ते आधी पाहिलं. वीट केरळात आली, कारण तिथे ती जवळ मिळत होती. रत्नागिरीला कुणी ट्रकने विटा नेऊन 'बेकर घर' बांधत असेल तर ते बेकरांचं नाही. तिथे जांभ्याचा चिरा आहे. मुंबईचा स्वतःचा दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. फोर्टातल्या जुन्या इमारती त्याच्यावरच उभ्या आहेत, पण त्या खाणी आता नाहीत. आज मुंबईत पाच मैलांच्या आत मुबलक काय मिळतं? पाडलेल्या इमारतींचा राबिट, जुनी सागवानी दारं, मंगलोरी कौलं, लाद्यांचे तुकडे. 'हॅम्लेट'मध्ये असलंच सगळं आहे : बाटल्या भिंतीत बसवून केलेले उजेडाचे ठिपके, फुटक्या लाद्यांची जमीन, दुसरीकडून आलेलं लाकूड.

मुक्ता_शि

बाहेरून गिलावा नको, हे बदलापूरच्या पावसात टिकेल?

ओळंबा

पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला तसंच सोडू नका. तिरुवनंतपुरमला वर्षाला १८०० मिमीच्या आसपास पाऊस, पण तो दोन हंगामांत विभागलेला. मुंबईत दोन हजारांच्या वर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंतीला दोन पावसांमध्ये वाळायला वेळच मिळत नाही.

लोक म्हणतात, पोकळी आहे ना, ओल थांबेल. थांबत नाही. रॅट ट्रॅपमध्ये दर तिसरी वीट बाहेरून आत आरपार गेलेली असते, ती पाणी शोषून थेट आतल्या तोंडापर्यंत आणते. आतून पांढऱ्या भिंतीवर ठरावीक अंतरावर ओले चौकोन दिसले तर समजा, आरपार विटा बोलतायत. बेकरांच्या भिंती कोरड्या राहिल्या त्या छपरामुळे. छप्पर भिंतीबाहेर भरपूर काढलेलं असायचं. तुम्ही सगळीकडे अडीच-तीन फूट पागोळी ठेवा, दोन मजल्यांना मध्ये छज्जा द्या. ते जमणार नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून खुशाल गिलावा करा.

सांधे वाळण्याआधी १०-१२ मिमी खरवडून घ्या आणि नंतर दर्जा (सांध्याच्या तोंडाशी भरायचा मसाला) नीट दाबून भरा. पाणी विटेतून जितकं येतं त्यापेक्षा भेगाळलेल्या दर्जातून जास्त येतं. मसाला नुसत्या सिमेंटचा कडक करू नका. १ सिमेंट, १ चुना, ६ रेती असा घेतला तर आकसून भेगा कमी पडतात. खाडीची रेती बिलकुल नको. लोणा (भिंतीवरची पांढरी बुरशीसारखी पूड) फुटतो तो विटेतल्या आणि रेतीतल्या क्षारांमुळे. कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जाऊन पुढच्या उन्हात पुन्हा बाहेर येतात.

पागोळी

माझ्या आयडीचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं :)

जाळीबद्दल कुणी लिहा ना. खिडकी ही तेवढ्याच भिंतीपेक्षा कितीतरी पट महाग, हा बेकरांचा आवडता मुद्दा.

घमेलं

खरंच आहे. चौकट, झडप, काच, बिजागरी, ग्रिल, रंग. जाळीला यातलं काही लागत नाही, उलट विटाही कमी लागतात. तिरुवनंतपुरमला तंबानूर स्टेशनजवळचं बेकरांचं इंडियन कॉफी हाउस बघा : मधल्या गाभ्याभोवती गोल चढत जाणारा उतार, बाहेरच्या भिंतीला धरून पक्की बाकं-टेबलं, आणि प्रत्येक टेबलापाशी जाळी. पंख्याशिवाय हवा खेळते.

मुंबईत मात्र जाळीची दुष्मन कबुतरं. त्यांना अडवायची नेट ५० मिमीच्या भोकांची असते, तेवढंच भोक ठेवा, दोन इंचांच्या वर जाऊ नका. बेकरांच्या जाळ्यांत भोकं मोठी असतात, ती जशीच्या तशी इथे उतरवली तर दोन महिन्यांत घरटी. डासांसाठी आतून तारेच्या जाळीची फ्रेम लागणारच, तो खर्च आधीच धरा. झोपण्याच्या खोलीत पूर्ण भिंत जाळीची नको. जिना, व्हरांडा, स्वयंपाकघराची वरची पट्टी इथे उत्तम.

लिंटेलऐवजी विटा थराथराने पुढे काढत केलेली कमान विचाराल, तर प्रत्येक थर सव्वादोन इंच पुढे. चार फुटांच्या उघड्या जागेला दोन्ही बाजूंनी अकरा थर लागतात, म्हणजे तीन फूट उंची कमानीतच गेली. दाराला बसत नाही. अडीच फुटी खिडकीला सात थर, दोन फूट. तिथे छान दिसते.

टिकाव

आणि फिलर स्लॅब? समुद्राजवळ तो करावा का, यावर ओळंबांचं मत हवंय.

ओळंबा

तत्त्व सोपं आहे. स्लॅब वाकतो तेव्हा ताण खालच्या भागात येतो आणि तो सळ्या घेतात. खालचं काँक्रीट सळ्यांना धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. मग तिथे महाग काँक्रीटऐवजी दोन मंगलोरी कौलं एकावर एक ठेवायची. जोडीची जाडी सुमारे तीन इंच, वर दोन इंच काँक्रीट, एकूण पाच इंची स्लॅब. कौलं आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती ताज्या काँक्रीटचं पाणी ओढून घेतात आणि कौलाभोवतीचं काँक्रीट भुसभुशीत होतं. भिंतीलगत फूट-दीड फुटाचा पट्टा भरीव, कारण तिथे कातरबल जास्त. संडास-बाथरूमखाली आणि बाहेर काढलेल्या गॅलरीत फिलर नको. पंख्याचा हूक काँक्रीट भरण्याआधी रिबमध्ये (दोन कौलांमधल्या काँक्रीटच्या पट्टीत) अडकवा. नंतर ड्रिल केलंत तर कौल फुटेल.

आता समुद्र. बऱ्याच नकाशांत दोन कौलांमधली रिब दोन इंच दाखवतात. तिच्यात १० मिमीची सळई बसवली की दोन्ही बाजूंना जेमतेम २० मिमी कव्हर (सळईला झाकणारं काँक्रीट) उरतं. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) किनारपट्टीवर आडोशाच्या भागाला ३० मिमी आणि खाऱ्या हवेत उघड्या भागाला ४५ मिमी कव्हर हवं. म्हणजे खोलीत रिब तीन इंच, उघड्या व्हरांड्यावर चार इंच. मुख्य सळ्यांमधलं अंतर ३०० मिमीच्या पुढे जाता कामा नये, त्यामुळे कौल कुठल्या दिशेने ठेवायचं तेही ठरून जातं. हे पाळलं की बचत कमी होते, आणि ती तशीच होऊ द्यावी. काँक्रीट ओतताना कौल सरकून सळईला चिकटणं हा या स्लॅबचा खरा आजार. कौल सच्छिद्र, ओल धरतं, सळई तिथूनच गंजते. ओतण्याआधी एक माणूस फक्त कौलं आणि सळ्यांमधलं अंतर बघायला ठेवा.

कुपारी_वसई

बेकरांकडे हा 'एक माणूस' म्हणजे ते स्वतः. नकाशे काढणाऱ्या माणसांचं ऑफिस नाही, मध्ये कंत्राटदार नाही. गवंड्यांना थेट कामावर घेऊन रोज साइटवर जायचे, आलेल्या पत्रांच्या लिफाफ्यांच्या कोऱ्या बाजूला तपशील काढून द्यायचे. कोळ्यांचं घर असो, बिशपांचं असो, पद्धत तीच. १९८५ मध्ये माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्याबरोबर कॉस्टफोर्ड ही कमी खर्चाच्या बांधकामाची संस्था उभी केली, तीही हे काम हातातून हातात जावं म्हणूनच.

त्यांच्या धार्मिकपणाबद्दल लोक विचारतात तेव्हा उपदेशाचा एखादा उतारा मिळावा अशी अपेक्षा असते. क्वेकर माणसाकडे तो मिळणार नाही. दुसऱ्याचा पैसा आणि भट्टीतलं इंधन जपून वापरायचं, हीच त्यांची उपासना होती असं मी मानतो. सिमेंट-स्टीलवर त्यांचा राग होता तोही त्यांना लागणाऱ्या ऊर्जेमुळे.

मुक्ता_शि

सगळ्यांचे आभार. शेवटचं : गवंड्याने आधी कधी हे केलेलं नाही. सुरुवात कशी करून घ्यावी?

घमेलं

कंपाउंडच्या भिंतीपासून. घराला हात लावू देऊ नका. आधी मसाल्याशिवाय, नुसत्या कोरड्या विटा मांडायला लावा, सांध्याच्या जागी १० मिमीची सळई ठेवून. ३ मीटरचा थर सुरुवातीला एक आरपार वीट आणि मग नऊ संच अशा २८ विटांत, वीट न तोडता बसतो. दुसऱ्या थरात सांधे सरकतात, तिथे कडेला तुकडा लागेल. तो पाऊण विटेचा कापून घ्या, अर्ध्याचा नको. चार थर कोरडे मांडून झाले की वरून टॉर्च मारून पोकळी खालपर्यंत दिसते का बघा, आणि मगच मसाला कालवा. दिवसाकाठी चार फुटांच्या वर भिंत चढवू देऊ नका.